हापशासाठी वर्गणी काढायच्या आधी जरा थांब

तुझी पोस्ट दोनदा वाचली. युगांडाच्या उत्तरेला वर्षभरासाठी व्हॉलंटियर म्हणून गेलीस, दोन महिने झाले, गावातला हापसा बंद, बायकापोरी ओढ्यावरून पाणी आणतात, पाणी कमिटी नुसत्या मीटिंगा घेते, आणि तू विचारतेयस की मित्रमैत्रिणींकडून वर्गणी गोळा केली तर तिकडे पैसे न्यायचा सोपा मार्ग कुठला. शेवटी जाता जाता हेही लिहिलंयस की दिवसभर हाताला काम नसतं, उगाच आल्यासारखं वाटतं. अगं, 2014 मध्ये गुलूच्या पुढच्या एका गावात मी डिट्टो ह्याच जागी बसले होते, फरक इतकाच की मी कुणाला विचारायच्या भानगडीत पडले नाही. (एकेरीत लिहितेय, वयाने बरीच मोठी असणार तुझ्यापेक्षा, राग नसावा.)

परमिट, मच्छरदाणी, मलेरियाच्या गोळ्या, बादलीभर पाण्यात अंघोळ हे सगळं तुला एव्हाना कळलेलं असणार, त्यात शिरत नाही. फक्त यलो फीव्हरचं कार्ड जपून ठेव, येताना आपल्या एअरपोर्टवर ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात, आमच्यातल्या एकाने ते चेक-इनच्या बॅगेत टाकलं होतं आणि काउंटरवर रडकुंडीला आला होता. असो.

पैसे कसे न्यायचे? मोबाइल मनीने पाच मिनिटांत पोचतात, तीच तर पंचाईत आहे.

माझं काय झालं ते सांगते. तिसरा महिना होता. हापसा बंद पडून बरेच दिवस झालेले, मी ज्यांच्या घरी राहायचे त्यांची मुलगी पहाटे वीस लिटरचा पिवळा कॅन घेऊन ओढ्यावर जायची आणि शाळेचा पहिला तास रोज बुडायचा. भरलेला कॅन म्हणजे डोक्यावर वीस किलो, एकदा मी उचलून बघितला तर मान दोन दिवस धरली होती. त्यात आम्हाला ज्या संस्थेने पाठवलं (नाव घेत नाही, अजून चालू आहे) तिच्या ऑफिसला दर तीन महिन्यांनी एक फॉर्म लागायचा, त्यात रकाना काय तर 'पूर्ण झालेली कामं' आणि 'लाभार्थी संख्या', सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो. माझा रकाना रिकामा. फोनवर ऑफिसातली बाई मला म्हणाली, बाकीच्या व्हॉलंटियर्सचं काहीतरी उभं राहिलंय, तुमचं कधी? हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. आता लिहिताना पण डोकं फिरलं, त्या ऑफिसातल्या एकानेही वर्षभरात गावात पाय ठेवला नाही.

मग मी फोन काढला, व्हॉट्सॲपवर फोटो टाकले, चार दिवसांत पैसे जमले. साधारण बारा लाख शिलिंग, आकडा मोठा दिसतो पण तेव्हाचे ते अठ्ठावीस-तीस हजार रुपये.

आता ह्यात माझा शहाणपणा बघ. तुझ्या फोटोतला हापसा तोच आहे, तिकडे त्याला यू-टू म्हणतात, म्हणजे आपला इंडिया मार्क टू. ह्याचं मूळ जालना आणि सोलापूरच्या पंपांत आहे, सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने त्याचं पक्कं डिझाइन झालं आणि मग तो आफ्रिकेत पसरला. मला हे कुठून तरी माहीत होतं आणि मी ते गावात सगळ्यांना ऐकवायचे. आमचाच पंप आहे, ह्याचं तंत्र मला कोण शिकवणार! आयुष्यात त्याचा एक नट खोलला नव्हता हां मी.

पंचायतीसारखं जे सब-काउंटी असतं तिथला मेकॅनिक सायकलवर आला, वयस्कर माणूस, कमी बोलणारा. पाइप वर काढले, तीन-तीन मीटरचे, एकेक खेचायला पाच-सहा माणसं लागली. पाइपाला गंजून भोकं पडलेली. त्याने बोटाने गंजाचा एक पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, इथलं पाणी लोखंड खातं, स्टीलचे नाहीतर प्लास्टिकचे टाकायला हवेत, महाग आहेत, कंपालाहून मागवावे लागतील, कमिटी बसवा. मी म्हणलं, कमिटी तर कधीपासून बसलेलीच आहे. गावाच्या हार्डवेअरवाल्याकडे जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) पाइप तयार होते, मी ते घेतले. मेकॅनिकने एकदा माझ्याकडे बघितलं, बरं म्हणाला आणि तेच पाइप बोअरमध्ये सोडले. संध्याकाळी पाणी आलं, बायकांनी जिभेने तो लुलुलु आवाज काढतात ना तो काढला, मी रडले, फोटो काढले, फॉर्म भरला, ऑफिसकडून अभिनंदनाची मेल. रकान्यात लिहिलं 300 लाभार्थी, कारण एका बोअरवर तीनशे माणसं धरायची असा तिकडचा हिशेब आहे, मी कुठे मोजायला गेले होते.

पुढचं हळूहळू कळत गेलं. घरटी महिन्याला 500 शिलिंग अशी कमिटीची वर्गणी होती, रडतखडत का होईना जमायची, खजिनदारबाईंची निळी वही होती. ती वही बंद झाली. कुणी भांडलं नाही, काही नाही, लोकांनी द्यायचंच सोडलं, कारण ह्या भारतीय मुलीने परदेशातून पैसे आणलेत, लागले तर परत आणेल. आणि त्यांचं चूक तरी कसं म्हणू? त्या भागातली माणसं लढाईच्या काळात वर्षानुवर्षं कॅम्पात काढून 2006 नंतर घरी परतायला लागलेली, कॅम्पात बोअर कोण मारायचं, तर बाहेरचे, दुरुस्त कोण करायचं, तर बाहेरचे, फुकट. वर मी भारतीय. 1972 मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन एशियन लोकांना हाकललं होतं, नंतर बरेच परत आले, आता शहरात मोठी दुकानं बघशील तर बरीचशी आपल्याच लोकांची. भारतीय म्हणजे गल्ल्यावर बसणारा. त्यात मी येऊन गल्ला उघडून दाखवला.

मग एकदा हँडलची साखळी तुटली. क्षुल्लक पार्ट. मी परमिटच्या कामाला कंपालात अडकले होते, ते तीन आठवडे लागले (त्या खिडकीवरच्या माणसाबद्दल वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी, प्रत्येक वेळी एक नवीन झेरॉक्स). परत आले तर हापसा तसाच, बायका ओढ्यावर. विचारलं तर खजिनदारबाई अगदी सहज म्हणाल्या, तुझीच वाट बघत होतो. सांगते तुला, गंजलेल्या पाइपांपेक्षा हे जास्त लागलं. मी यायच्या आधी तीच साखळी त्यांनी आपल्या पैशातून दोनदा बदलली होती, वहीत नोंद होती.

आणि सातव्या-आठव्या महिन्यात पाणी लाल यायला लागलं. कपडे पिवळे पडायचे, बीन्स शिजवल्या की काळपट. नवे पाइप! आम्लधर्मी पाणी आधी जस्त खातं मग लोखंड, हे मला नंतर नेटवर वाचून कळलं, त्या माणसाने हातावर ठेवून दाखवलं होतं तेव्हा नाही कळलं. मी त्याला विचारलं, तुम्ही अडवलं का नाही? म्हणाला, पैसे तू देत होतीस.

2016 मध्ये तिथल्या पाणी मंत्रालयाने हापशात जीआय पाइप वापरायला बंदीच घातली. म्हणजे माझ्यासारखे बरेच जण होऊन गेले असणार.

आता सल्ला. हा एका गावाचा एका वर्षाचा अनुभव आहे, मी इंजिनियर नाही, तुझं गाव वेगळं असेल, कुणी आजारी पडत असेल, कॉलऱ्याची वगैरे भीती असेल तर माझं काही ऐकू नकोस, सरळ डिस्ट्रिक्टच्या पाणी ऑफिसला आणि दवाखान्यात कळव. पण नुसता हापसा बंद असेल तर माझं मत कडक आहे: स्वतःचा एक शिलिंग घालू नकोस. निदान पहिले सहा महिने. लोक तुला कंजूस म्हणतील, म्हणू देत. दुसऱ्या वेळी पैसे द्यायला मी नाही म्हणले तेव्हा घरातली माऊली माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही, पोरगी परत ओढ्यावर जायला लागली, आणि मी बरोबर केलं का हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही.

मार्ग निघाला तो बायकांनी काढला. तिकडे आपल्या बचत गटासारखे गट असतात, तुझ्याही गावात असणार, लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन बायकांकडे, सगळ्यांसमोर उघडायची, सगळ्यांसमोर मोजायचे. निळ्या वहीवर कुणाचा विश्वास उरला नव्हता पण त्या पेटीवर होता. त्यांनी पाण्याची वर्गणी त्याच पेटीत वेगळ्या पिशवीत टाकायला सुरुवात केली. मी तिथे शेंगदाणे सोलत बसले होते, बाकी माझं योगदान शून्य. काही हिस्सा पुढे सब-काउंटीने दिला, प्लास्टिकचे पाइप पडले तेव्हा मी घरी येऊन पाच महिने झाले होते. मेकॅनिकने मेसेज केला, फोटो नाही, नुसतं 'वॉटर गुड'.

दिवसभर रिकामी असतेस ना, मग त्या मेकॅनिकला शोध आणि त्याच्या मागे हिंड. पान्हे धर, वॉशर कसा बदलतात ते बघ, तो कुठल्या गावात काय भाव करतो ते ऐक. मी शेवटच्या तीन महिन्यांत हे केलं आणि तेव्हाच थोडं कामाचं शिकले. बोडावर (भाड्याच्या मोटरसायकलवर) जाशील तर हेल्मेट स्वतःचं घे, त्यांचं एकच असतं आणि ते त्याच्याच डोक्यावर. अचोली भाषा चार वाक्यं का होईना शीक, कोपांगो म्हणलं की कोपे म्हणायचं, एवढ्यावर सुद्धा म्हाताऱ्या खूश होऊन बसायला स्टूल देतात. संस्थेच्या फॉर्ममध्ये तो रकाना रिकामा जाऊ दे, ओरडले तर ओरडले, पगार थोडीच कापणार, देतात कुठे.

आणि उद्याच्या उद्या एक कर. पाण्याला जाणाऱ्या बायकांना विचार की हापसा बंद पडायच्या आधी पहाटेचा पहिला कॅन कसा यायचा. पहिला लाल आणि थोडं हापसल्यावर स्वच्छ, असं असेल तर रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी पाइप खातंय. दिवसभर सारखंच लाल असेल तर लोह जमिनीतल्या पाण्यातच आहे, मग पाइप बदलून सुद्धा फरक पडायचा नाही. त्या काय म्हणतात ते इथे लिही, मग पाइपांचं बोलू.