'अपूर्ण फलन' म्हणू नका

प्रश्न असा आला आहे: 'पार्शल फंक्शन'ला, म्हणजे दिलेल्या प्रत्येक संख्येला किंमत देईलच असं नाही अशा फलनाला (फंक्शनला), मराठीत 'अपूर्ण फलन' म्हणावं की 'आंशिक फलन'?

'अपूर्ण' अजिबात नको. ऐकून ऐकून कान किटले. अपूर्ण म्हणजे काम राहून गेलेलं. वास्तव संख्यांत −4 चं वर्गमूळ नाहीच. ते काढायचं कुणी विसरलेलं नाही. शिवाय पार्शल फंक्शनांच्या बीजगणितात सगळीकडे किंमत देणारं फलनही पार्शलच्याच कुळात धरतात. त्यालाही अपूर्ण म्हणणार?

खरी गंमत 'फल'मध्ये आहे. 'फलन' हा फंक्शनसाठी पाडलेला नवा शब्द, एवढं सांगून हात झटकणाऱ्या परिभाषाकारांशी माझं मुळीच पटत नाही. आर्यभटाच्या 499 सालच्या त्रैराशिकात 'फलराशी' आणि 'इच्छाराशी' हे शब्द आहेतच. 5 रुपयांना 3 लिंबं, तर 20 रुपयांना किती? 5 हे प्रमाण, 3 हे फल, 20 ही इच्छा आणि 12 लिंबं हे इच्छाफल. इच्छा द्या, फल घ्या: फलनाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. भागायचं मात्र प्रमाणाने. ते शून्य झालं की फळच धरत नाही! भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हणून ती अनंत मानली. आज तिथे किंमतच नाही असं म्हणतात.

संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, म्हणजे धातुपाठात, फल् दोनदा येतो: 'फल निष्पत्तौ' आणि 'ञिफला विशरणे', म्हणजे निपजणं आणि फुटणं. माझ्या मते हे मुळात एकच. शेंग तडकते तेव्हाच दाणा दिसतो. यांना दोन खात्यांत टाकणाऱ्यांनी एकदा तुरीच्या खळ्यावर उभं राहावं.

आता जोडणी, म्हणजे एका फलनाचं फळ दुसऱ्याला इच्छा म्हणून देणं. आधी 5 वजा करा, मग वर्गमूळ घ्या: 5 पासून पुढेच फळ मिळेल. आणि पहिल्याचं एकही फळ दुसऱ्याला चालत नसेल तर? पूर्वी अशी जोडणी होतच नाही म्हणत. रशियातल्या सारातोवच्या वाग्नर या गणितज्ञाने 1952 मध्ये, एकास-एक आंशिक फलनांचा विचार करताना, कुठेच किंमत न देणारं रिक्त फलनही फलन म्हणून स्वीकारलं. त्यामुळे कुठल्याही दोघांची जोडणी करता येऊ लागली आणि त्यातून गटाहून (ग्रुपहून) व्यापक अशी अमूर्त रचना उभी राहिली. 1954 मध्ये ब्रिटिश गणितज्ञ प्रेस्टन स्वतंत्रपणे तिथेच पोचला.

तेव्हा 'आंशिक' चालवून घ्या, पण अंश फळाचा नव्हे, इच्छांचा. मिळालेलं फळ अख्खंच असतं.