कार्डं पापडासारखी वाकतात, काय करू?

प्रश्न : ताई, संक्रांतीला माहेरी-सासरी मी हातानं केलेली कार्डं पाठवते, सोबत हलव्याची पुडीही. यंदा नक्षीचे कागद आणले आणि ड्रॉइंग पेपरवर पांढऱ्या डिंकानं चिकटवले. रात्री सपाट होती, सकाळी सगळी पापडासारखी वाकलेली! काहींच्या घडीवर भेगा पडून आतला पांढरा कागद दिसतोय. आणखी जाड कागद घेऊ का? – एक वाचक, मिरज

उत्तर : जाड कागद घ्याल तर भेगा वाढतील. माझीही एका दिवाळीत चाळीस कार्डं अशीच गेली. वर मी ती ओली असतानाच एकावर एक रचली होती, त्यामुळे सकाळी वाकलेली आणि एकमेकांना चिकटलेली, दोन्ही.

कागदालाही ब्लाउजपीससारखं उभं-आडवं असतं. गिरणीत लगदा पळत्या जाळीवर पडतो, म्हणून त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. वर्तमानपत्र वरून खाली सरळ फाटतं आणि आडवं फाडायला गेलं की वेडंवाकडं जातं, ते यामुळेच. ओल लागली की हे तंतू लांबीला फारसे वाढत नाहीत, जाडीला फुगतात. तुमचा नक्षीचा कागद डिंकानं फुगला, फुगलेलाच चिकटला, आणि वाळताना आखडून त्यानं कार्डाला आपल्याकडे ओढलं. वाकलेल्या कार्डाची नक्षी आतल्या बाजूला गेली असेल, बघा.

तेव्हा आधी दोन्ही कागद न मोडता हलकेच वाकवून पाहा, एकदा उभे, एकदा आडवे. एकीकडून निमूट वाकतात, दुसरीकडून हुज्जत घालतात. निमूट वाकतात त्याच रेषेत घडी घाला, आणि नक्षीचा कागदही त्याच दिशेनं लावा. घडीआधी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यावर असते ना, तशी चर पडली पाहिजे. नक्षीचा कागद मात्र घडीवरून ओढूच नका. पुढच्या पानापुरताच कापा, चारी बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर कमी. ए-फोर कागद अर्धा कापून दुमडला तर कार्ड साधारण १४.८ बाय १०.५ सेंटिमीटरचं होतं. त्यावर १४.२ बाय ९.९ चा तुकडा बसतो आणि सभोवार पांढरी चौकट राहते. कापताना पाव मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी चौकटीत खपून जातं.

चिकटवायला ग्लूस्टिक किंवा दोन्हीकडून चिकटणारी टेप. पांढराच डिंक हवा असेल तर ब्रशनं पातळ हात द्या, वर साधा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. एवढं करूनही वाकलंच, तर बुकबाइंडिंगवाले करतात ते करा. आतल्या बाजूनंही तेवढाच साधा कागद लावा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी होते. मजकूर त्या कागदावर आधी लिहा, मग चिकटवा. चकचकीत कागदावर जेल पेन फिरवलं की नाव हमखास फिसकटतं.

पुण्याला येणं झालं तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत डोकावा, १९४० पासूनची आहे. हातकागदाचा लगदा साच्यात उचलून हलवतात, त्यामुळे तंतू कसेही पडतात आणि उभ्या-आडव्याची कटकट बरीच कमी होते. त्याच्या फाटक्या कडा मला फार आवडतात, कापून टाकू नका.

राहिला हलवा. पोस्टात साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. २५० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाच्या कागदाचं, कार्ड आठेक ग्रॅम, नक्षी दीड-दोन, पाकीट चार-पाच. म्हणजे पंधराच्या आत-बाहेर. त्यात हलव्याची पुडी टाकली की वजन काट्यावर बघून जादा तिकीट लावा, नाहीतर सासरच्यांना दंड भरून तिळगूळ घ्यावा लागेल.