लाल बुटांची गोष्ट मुलीला सांगावी का?

प्रश्न: मुलगी आठ वर्षांची आहे, लायब्ररीतून तिच्यासाठी डॅनिश लेखक अँडरसनच्या परीकथा आणल्या. त्यातली लाल बुटांची गोष्ट वाचून दाखवली तर शेवटी त्या मुलीचे पायच तोडतात! लेक रडली, रात्री माझ्याजवळ येऊन झोपली. सासूबाई म्हणतात असली पुस्तकं घरात नकोत, नवरा म्हणतो शेवट बदलून सांग, त्यात काय एवढं. खरंच या गोष्टी लहान मुलांसाठी होत्या का? आणि मी काय करू?
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, हो, मुलांसाठीही होत्या, आणि तुमची लेक घाबरली यात तिचं काहीच चुकलं नाही, कारण ती गोष्ट घाबरवण्यासाठीच लिहिलेली आहे. १८४५ची गोष्ट ही. गरीब कारेनला लाल बूट मिळतात, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तिच्या डोक्यात फक्त बूट, जिने सांभाळलं ती म्हातारी अंथरुणाला खिळलेली असताना ही नाचायला जाते, मग बूट थांबूच देत नाहीत आणि शेवटी तीच जल्लादाला सांगते की पाय तोड. यामागे अँडरसनची स्वतःची आठवण आहे. बाप चांभार, घरची गरिबी, आणि कन्फर्मेशनच्या धार्मिक विधीला त्याला आयुष्यातले पहिले बूट मिळाले. पँटखाली ते झाकले जातील म्हणून त्याने पँटच बुटात खोचली, चालताना बूट करकर वाजत होते आणि नवे आहेत हे सगळ्यांना ऐकू जातंय म्हणून पोरगा खूश, आणि देवाइतकंच लक्ष बुटांकडे आहे म्हणून मनातून खजीलही. हे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. मला ही आठवण त्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते, कारण नव्या बुटाचा आनंद कुठल्याही मुलाला होणारच, त्याची एवढी भयंकर शिक्षा मला तरी पटत नाही.

आता शेवट बदलायचं. हे भांडण १८५३ सालीच होऊन गेलंय! जॉर्ज क्रुकशँक म्हणजे इंग्लंडमधला फार मोठा चित्रकार, जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या पहिल्या इंग्रजी पुस्तकाला चित्रं त्याचीच, तो पुढे कट्टर दारूबंदीवाला झाला आणि जुन्या परीकथा नव्याने लिहिताना त्यात दारूबंदीचा प्रचार घुसवायला लागला. त्याचा जुना मित्र, कादंबरीकार चार्ल्स डिकन्स भडकला आणि त्याने आपल्या साप्ताहिकात लेखच लिहिला, की स्वतःची मतं घुसवण्यासाठी परीकथा बदलायचा हक्क कुणालाच नाही. तरी क्रुकशँकने ऐकलं नाही, पुढच्याच वर्षी त्याच्या सिंड्रेलाच्या लग्नात राज्यातल्या दारूची होळी झाली. मी इथे डिकन्सच्या बाजूने आहे. म्हणजे शब्दही हलवायचा नाही असं नाही हं, ग्रिम बंधूंनी स्वतः १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली सख्खी आई १८१९मध्ये सावत्र करून टाकली. पण कारेनने सॉरी म्हटलं आणि बूट शहाण्यासारखे थांबले असं सांगितलंत तर गोष्टीत उरलं काय, नुसता उपदेश. त्यापेक्षा दोन-तीन वर्षं ती गोष्ट बाजूला ठेवा, पुस्तक मात्र घरात राहू द्या, सासूबाईंना तसं समजावून सांगा.

मी स्वतः या गोष्टी निवडताना एवढंच बघते की शिक्षा कुणाला होतेय, कारण जिथे फक्त पोरांनाच झोडपलंय ती गोष्ट माझ्या मनातून उतरते. चार्ल्स किंग्जलीची १८६३ची 'द वॉटर बेबीज' घ्या. टॉम हा धुराडी साफ करणारा पोरगा, मालकाचा मार खाणारा, तो पाण्यातलं बाळ होतो. खोडकरपणा करून तो समुद्रफुलांच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवांच्या, तोंडात खडे घालतो, मग जशास तसं करणारी परी येते, सगळ्या बाळांना खाऊ देते आणि टॉमच्या तोंडात खडा! मुलं हसतात इथे, न्याय त्यांना लगेच कळतो. पण खरी मजा पुढे आहे, हीच परी मोठ्यांनाही रांगेत उभं करते, पोरांना वाट्टेल ती औषधं पाजणारे डॉक्टर, मुलींची कंबर आवळणाऱ्या बायका, मारकुटे मास्तर, प्रत्येकाला त्याचंच औषध. त्या काळात इंग्लंडात मुलांना धुराड्यात चढवायला १८४०च्या कायद्याने बंदी होती पण पाळत कोण होतं, पुस्तकानंतर वर्षभरात १८६४ला नवा कायदा आला आणि खरी जरब बसली ती १८७५च्या कायद्याने. एक मात्र सांगते, किंग्जलीने आयरिश लोकांबद्दल वगैरे फार वाईट लिहिलंय, ती वाक्यं मी सरळ गाळून वाचते, तुम्हीही गाळा.

प्रश्न: मुलगा अकरा वर्षांचा, परीकथा म्हणजे बाळबोध म्हणतो. त्याला काय द्यावं?
– एक बाबा, ठाणे

उत्तर: जॉन रस्किनची 'द किंग ऑफ द गोल्डन रिव्हर' द्या. १८४१मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीसाठी लिहिली, छापून आली १८५१ला. दोन लोभी भाऊ आणि धाकटा ग्लक. नदीच्या उगमात पवित्र पाण्याचे तीन थेंब टाकले की नदी सोन्याची होणार. वाटेत तहानेने जीव चाललेले भेटतात, थोरले दोघं पाणी देत नाहीत आणि काळे दगड होतात, ग्लक मात्र म्हाताऱ्याला देतो, लेकराला देतो आणि उरलेलं कुत्र्याला पाजतो. मग नदी सोन्याची होते म्हणजे काय होतं, ते त्यालाच वाचू द्या. आणि प्लीज, वाचून झाल्यावर तात्पर्य काय असं विचारू नका, आपल्याकडे इसापनीती शिकवताना लागलेली ती सवय आहे, त्या प्रश्नावर पोरं पुस्तक मिटून पळतात. त्याऐवजी कुत्र्याला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा तू काय केलं असतंस असं विचारा, तो वाद घालेल, घालू द्या.