मेडिकल कोडिंग: फी भरण्याआधी एक चार्ट नीट वाचून बघ

प्रश्न: मी बार्शीची. यंदा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. पुण्यातल्या एका क्लासने मेडिकल कोडिंगचा मोफत डेमो ठेवला होता. त्यात त्वचेच्या कॅन्सरच्या पेशंटचा एक अमेरिकन चार्ट, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली नोंद, दाखवला आणि त्याला कोड कसे लावतात ते सांगितलं. मला ते आवडलं. क्लासवाले '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणतात, फी मात्र बरीच आहे. बाबांचं म्हणणं, हे नुसतं टायपिंग आहे आणि तेही दोन वर्षांत एआय करेल. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. काय करू?

उत्तर: बाबांची एआयबद्दलची शंका रास्त आहे, तिच्याकडे नंतर येतो. टायपिंगचं मात्र त्यांना कुणीतरी चुकीचं सांगितलंय. कोडर म्हणजे विम्याच्या क्लेमसाठी चार्टमधल्या आजाराला आणि उपचाराला ठरलेले कोड लावणारा. तो दिवसभरात टाइप करतो ते मोजके अंक. बाकी सगळा वेळ डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलेलं वाचण्यात आणि त्यावर शंका घेण्यात जातो. डेमोमध्ये तुला तयार उत्तर दाखवलं गेलं. खरी गंमत, आणि खरी कटकट, उत्तर मिळण्याआधीची असते.

तोच त्वचेचा कॅन्सर घे. समज, एका वृद्ध गृहस्थांच्या नाकाच्या डाव्या बाजूला ०.८ सेंटीमीटरची चकाकणारी पुळी आहे. डॉक्टर लिहितात 'रूल आउट बीसीसी', म्हणजे बेसल सेल कार्सिनोमा आहे का ते तपासायचंय, आणि वरवरचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. नवशिक्याचा हात लगेच सी ४४.३११ कडे जातो, कारण नाकाच्या त्वचेच्या बेसल सेल कार्सिनोमाचा कोड तोच. इथेच तो फसतो. अमेरिकेतल्या ओपीडीच्या नियमांनुसार 'शंका', 'बहुधा', 'रूल आउट' असं लिहिलेल्या आजाराला पक्क्या निदानाचा कोड लावता येत नाही. डॉक्टरांनी 'निओप्लाझम' (पेशींची नवी वाढ, गाठ) लिहिलं असेल आणि बायोप्सीचा निकाल आलेला नसेल, तर डी ४९.२. नुसतं 'लीजन' (त्वचेवरचा कुठलाही बिघाड) लिहिलं असेल तर एल ९८.९. डी ४८.५ नावाचा आणखी एक कोड आहे. पॅथॉलॉजिस्टने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून 'याचं वागणं कसं असेल ते ठरवता येत नाही' असं स्वतः लिहिलं, तरच तो लावायचा. रिपोर्ट यायचाय म्हणून डी ४८.५ टाकणारे कोडर ऑडिटमध्ये हमखास सापडतात. बऱ्याच ठिकाणी म्हणूनच रिपोर्ट हातात येईपर्यंत क्लेम थांबवून ठेवतात.

एवढा काटेकोरपणा का, तर त्या गृहस्थांचा रिपोर्ट साधी चामखीळ असा आला, तर त्यांच्या विम्याच्या रेकॉर्डवर उगाच कॅन्सर चिकटलेला राहील. आणि तो पुसून काढणं किती जिकिरीचं असतं ते आपल्याकडे सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करायला गेलेल्या कुणालाही विचार.

आता रिपोर्ट आला, बेसल सेलच निघाला. पुढच्या भेटीत डॉक्टर ती पुळी कापून काढतात, चारी बाजूंची ०.४ सेंटीमीटर निरोगी कातडीही सोबत घेऊन. शस्त्रक्रियेचा कोड आकारावर ठरतो. घाईतला कोडर ०.८ पाहून ११६४१ लावेल. नियम सांगतो की गाठीचा सर्वांत मोठा व्यास आणि दोन्ही बाजूंची सोबत कापलेली निरोगी कातडी मिळवायची. ०.८ अधिक ०.४ अधिक ०.४, म्हणजे १.६, म्हणून ११६४२. हे माप कापण्याआधी डॉक्टरांनी घेतलेलं हवं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमधलं चालत नाही, कारण फॉर्मालिनमध्ये तुकडा आक्रसतो. बाजूची कातडी किती घेतली ते डॉक्टरांनी लिहिलंच नसेल तर? अंदाज करायचा नाही, डॉक्टरांना क्वेरी पाठवून विचारायचं. डावा हात की उजवा हे न लिहिणारे डॉक्टरही भरपूर आहेत, आणि बेसल सेलला उजव्या हाताचा कोड सी ४४.६१२, तर डाव्याचा सी ४४.६१९. कॅन्सर पूर्ण काढून झाला, उपचार संपले, की पुढच्या तपासणीला सी ४४ नाही, झेड ८५.८२८, म्हणजे 'पूर्वी होऊन गेलेला'.

हे वाचताना तुला पुढे काय होतं याची उत्सुकता वाटली असेल, तर या कामात तुझं मन रमेल. तिसऱ्या ओळीला जांभई आली असेल, तर फी कितीही कमी असली तरी भरू नकोस.

मराठी माध्यमाची धास्ती सोड. चार्टमधलं इंग्रजी तुटक असतं, त्यात साहित्य नसतं. शब्द तेच तेच फिरून येतात, आणि शरीररचना तू तीन वर्षं शिकलीच आहेस. कॉमर्सच्या पोरांना डर्मिस आणि एपिडर्मिसपासून सुरुवात करावी लागते.

क्लासबद्दल माझं मत जरा कडक आहे. '१०० टक्के प्लेसमेंट'चा अर्थ बहुतेक वेळा '१०० टक्के मुलाखतीला पाठवू' एवढाच निघतो. मागच्या बॅचमधल्या दोघातिघांशी, क्लासवाले समोर नसताना, बोल आणि ऑफर लेटर बघायला माग. कोणत्या वर्षाची पुस्तकं देणार ते विचार. निदानाचे कोड दर १ ऑक्टोबरला बदलतात, शस्त्रक्रियांचे १ जानेवारीला, आणि जुनी पुस्तकं माथी मारणारे क्लास मी पाहिले आहेत. फीमध्ये सीपीसी परीक्षेचा खर्च धरलाय का, हेही लेखी घे. सीपीसी ही एएपीसी या अमेरिकन संस्थेची परीक्षा: १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्के गुण हवेत, आणि कोडची पुस्तकं उघडून लिहायची. म्हणजे पाठांतराला तिथे भाव नाही, पुस्तकात नेमकं पान पटकन सापडण्याला आहे. अनुभव नसताना पास झालीस तर नावापुढे सीपीसी-ए लागतं. 'ए' म्हणजे शिकाऊ.

आणि पैसे भरण्याआधी एक काम फुकटात होतं. निदान कोडिंगची अमेरिकेची अधिकृत नियमावली इंटरनेटवर मोफत आहे. तिच्यातलं निओप्लाझमचं प्रकरण आणि शेवटचा ओपीडीचा विभाग आठवडाभर बसून वाच. शस्त्रक्रियांचे कोड मात्र अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचे आहेत, त्यांचं पुस्तक विकतच घ्यावं लागतं.

आता एआय. सरळ, एकसारखे चार्ट यंत्राकडे जाऊ लागले आहेत, आणि फ्रेशरना पूर्वी हेच चार्ट सरावाला मिळायचे. त्यामुळे सुरुवातीची दारं अरुंद होतील असं मला वाटतं. टिकणार आहेत ते यंत्राने लावलेला कोड तपासणारे ऑडिटर आणि विमा कंपनीने नाकारलेला क्लेम, म्हणजे डिनायल, का नाकारला हे शोधणारे लोक. तिथे पोचायला आधी दोनएक वर्षं प्रॉडक्शनच्या, म्हणजे रोज ठरावीक चार्ट संपवायच्या, टार्गेटवर काढावी लागतात. ९५ टक्के अ‍ॅक्युरसी राखायची, फोन लॉकरमध्ये, समोर कागदपेन नाही. पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा १९९६चा अमेरिकन कायदा आहे, त्यामुळे फोन आणि कागदावरची ही बंदी चालतच राहणार. हे सगळं तुला झेपेल का ते तूच ठरव.

तू बार्शीची, म्हणून आणखी एक. क्लासवाले हे सांगणार नाहीत. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तुझ्याच गावात सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या कॅन्सरची ती गावोगाव फिरून नोंद करत आली आहे. कॅन्सर नोंदणीची कोडिंगची पद्धत वेगळी असते. अवयवाचा एक कोड आणि पेशींच्या प्रकाराचा दुसरा. बेसल सेल म्हणजे ८०९०/३. त्या तिरप्या रेघेनंतरचा ३ म्हणजे कॅन्सर, २ म्हणजे जागेवरच थांबलेला, ० म्हणजे निरुपद्रवी. गंमत म्हणजे अमेरिकेत कोडर ज्याचे चार्ट रोज उपसतात, तो त्वचेचा बेसल सेल तिथल्या सरकारी सीअर कॅन्सर नोंदणीत मोजतच नाहीत. नोंदणीतल्या जागा थोड्या असतात, रोज निघत नाहीत. पण तिथे जाऊन हे काम करणाऱ्यांशी अर्धा तास बोलायला तुला एस.टी.चं तिकीटसुद्धा काढावं लागणार नाही. जाताना बाबांना बरोबर ने.

क्लासने किंवा कंपनीने मूळ मार्कशीट ठेवून घ्यायची भाषा केली, तर उठून यायचं. झेरॉक्स द्यायची, मूळ कागद नाही. बाँडवर सही करायची वेळ आली तर तो आधी घरी आणून वाच. सोडून गेल्यास किती पैसे भरावे लागतील तो आकडा त्यात लिहिलेला हवा.