लघवीला जळजळ होतेय : उन्हाळी लागली की इन्फेक्शन, कसं ओळखायचं?

उन्हाळीत पाणी कमी पडल्यानं लघवी गडद पिवळी आणि थोडी होते, म्हणून जळजळते. भरपूर पाणी प्यायल्यावर एखाद्या दिवसात रंग फिका होतो, आग थांबते. तसं झालं नाही तर सब्जा-धण्याच्या पाण्यावर दिवस काढू नका.

इन्फेक्शनची खरी खूण म्हणजे घाई. आत्ताच जाऊन आलात तरी पुन्हा लागते, गेल्यावर चार थेंब, शेवटी कळ. ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ होते, कधी रक्तही दिसतं. नुसती वारंवार आणि भरपूर लघवी होत असेल, जळजळ नसेल, तर आधी साखर तपासा.

बायकांची यात एक गल्लत होते. आग बाहेरच्या त्वचेला, सोबत खाज आणि पांढरं जात असेल तर बहुधा योनीमार्गाचा संसर्ग असतो. त्याचं औषध वेगळं. मुतखड्याची कळ पाठीतून जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते, माणूस एका जागी बसू शकत नाही.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील तर संसर्ग किडनीपर्यंत पोचलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, मधुमेही यांनीही थांबू नये.

आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका. आधी लघवीचा नमुना द्या (सुरुवातीची धार सोडून, मधली). कल्चरचा (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, पण कोणतं औषध लागू पडेल ते त्यातच कळतं.