घराले काय डॉक्टर लागते?

प्रश्न : आम्ही आर्वी तालुक्यातले. गावातच एक विटांचं, स्लॅबचं घर विकायला आहे, बांधकाम १९९८ चं. १४ लाख सांगतात. दिवाळीत रंग दिला, दिसायला छान आहे. तपासणीचे इंजिनीअर ६ हजार मागतात. मामाजी म्हणतात, ‘‘घराले काय डॉक्टर लागते? वावरातली विहीर म्या खोदून घेतली, मले समजत नाही का?’’ खर्च करावा का?

उत्तर : करा, ताई. मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली. तरी १९९१ साली स्वतःचं घर बांधताना मिस्त्रीच्या शब्दावर पायवा तीन फुटांवर थांबवला. खाली काळी माती होती. तिसऱ्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघाला. पावसाळ्यात तो मिटल्यासारखा झाला आणि पुढच्या वैशाखात त्यात बोट जायला लागलं. आईनं त्या भिंतीकडची खाट हलवली. ते मला अजून टोचतं.

काळी माती तुम्हाला मी काय सांगणार? वैशाखात वावरात पडणाऱ्या भेगा तुमच्या रोजच्या पाहण्यातल्या. तीच माती घराखालीही पावसात फुगते, उन्हात आकसते. म्हणून पायवा मुरुमावर टेकलाय का, हा पहिला प्रश्न. मुरूम फार खोल असला तर बुडाशी फुगीर असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेऊन वर बीम टाकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं या पद्धतीवर बरंच काम केलंय. पण खेड्यातल्या जुन्या घराखाली ते असतील, या भरवशावर राहू नका. भिंतीला लागून एका कोपऱ्यात खड्डा खणून पायव्याचं बूड डोळ्यांनी पाहा, असं इंजिनीअरला आधीच सांगा. नुसतं खोल्यांतून फिरून कागद देणार असेल, तर त्याला पैसे देऊ नका.

दिवाळीच्या रंगाची मला काळजी वाटते. रात्री जा, टॉर्च भिंतीला टेकवून उजेड आडवा पाडा. लांबी (पुट्टी) भरून बुजवलेला तडा उठून दिसतो. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या रेघा निघाल्या असतील, तर संशय पायव्यावर घ्या. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगा मनावर घेऊ नका. न्हाणीघराच्या स्लॅबला खालून काठीनं ठोकून बघा. पोकळ आवाज आला, तांबूस डाग दिसले, तर आतली सळई गंजून फुगतेय, आणि ती दुरुस्ती महागात जाते. चौकटींना उधई आहे का तेही पाहा. भिंतीजवळ मोठा कडुनिंब असेल किंवा छताचं पाणी जोत्याशीच पडत असेल, तर तिथली माती बाकीच्यापेक्षा जास्त हलते.

शक्य असेल तर घर मे महिन्यात एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा बघा. तेवढं थांबता येत नसेल, तर संशयाच्या तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी बसवून तारीख लिहून ठेवा. महिना-दोन महिन्यांत पट्टी चिरली, तर तडा अजून चालू आहे. तोवर इसार देऊ नका.

खड्डा खणायच्या दिवशी मामाजींना जरूर न्या. काळी माती कुठं संपली नि मुरूम कुठं लागला, हे विहीर खोदलेल्या माणसाला लगेच कळतं.