तरुण संघाची पहिली मिशन ट्रिप नेपाळला नेताय, तर आधी हे वाचा

सलाम ताई,

तुमचा बेत मला समजला तो असा: मंडळीच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) तरुण संघातले बारा जण, दिवाळीची सुट्टी, दहा दिवस, नेपाळात बुटवल आणि वर पाल्पा-तानसेन. सामानात ख्रिस्ती संदेशाच्या नेपाळी पत्रिकांचा गठ्ठा, व्हीबीएसचं (मुलांच्या सुट्टीतल्या बायबल वर्गाचं) साहित्य आणि गिटार. कार्यक्रमात एका शाळेला रंगकाम आणि एका बालगृहाला भेट. परदेशातली पहिलीच मिशन ट्रिप, तर काय लक्षात ठेवावं, हा तुमचा प्रश्न. मी बरीच वर्षं तिकडे जाऊन-येऊन आहे, आणि इकडे नगरला परदेशातून येणाऱ्या टीमांची सरबराईही भरपूर केली आहे. दोन्ही बाजू बघितल्यात, म्हणून उत्तर लांबणार.

आधी तो पत्रिकांचा गठ्ठा सामानातून काढा. नेपाळ 2006 साली धर्मनिरपेक्ष जाहीर झाला, पण 2015 च्या राज्यघटनेतल्या कलम 26 प्रमाणे दुसऱ्याचा धर्म बदलवायला मनाई आहे. ऑगस्ट 2018 पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 खाली त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा संपल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. आपल्याला व्हिसा लागत नाही, पाट्या देवनागरीत असतात, चेहरेमोहरेही फार वेगळे नाहीत, त्यामुळे सरहद्दीवरची सोनौलीची कमान ओलांडली तरी आपल्या पोरांना आपण परदेशात आलोय असं वाटतच नाही. पोलिसांना मात्र तुम्ही परदेशीच.

आणि खरी अडचण तुमची नाहीच. पत्रिका वाटून तुम्ही अकराव्या दिवशी घरी पोचाल. चौकीवर बोलावणं येईल ते ज्यांच्या घरी उतरलात त्या पाळकांना (पास्टरांना). 2020 साली पोखऱ्यातल्या एका पाळकांना अटक झाली, जामीन मिळाला की पुन्हा दुसऱ्या आरोपाखाली धरलं, आणि 2021 मध्ये डोल्पाच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली. वरच्या न्यायालयात ती कमी झाली, तरी मधल्या काळात त्यांच्या घराने काय सोसलं असेल याचा विचार करा. तुमच्या तानसेनमध्येच 1960 च्या सुमारास बाप्तिस्मा घेणारे आणि देणारे, दोघांनाही तुरुंगात टाकलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या विश्वासणाऱ्यांना ते आठवतं. त्यांच्यापुढे 'धाडसाने ख्रिस्ताची साक्ष द्या' असलं काही बोलू नका, ओशाळायला होईल.

'मग जायचंच कशाला?' असं तरुण संघातलं कोणीतरी विचारणार. विचारू द्या, चांगला प्रश्न आहे. उत्तरासाठी तिथल्या मंडळीचा इतिहास थोडा वाचून जा. 1951 पर्यंत राणांच्या राजवटीत देश मिशनऱ्यांना बंदच होता. दार्जिलिंग-कालिम्पोंगकडे राहून विश्वासात आलेले नेपाळी लोक परत आपल्या गावी गेले, त्यांनी मंडळीचं काम सुरू केलं. 2021 च्या जनगणनेत तिथे ख्रिस्ती पाच लाखांच्या वर आहेत, लोकसंख्येच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. हे दहा दिवसांच्या टीमांनी झालेलं नाही.

तुम्ही जाताय त्या तानसेनची तर गोष्टच मजेची आहे. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेतले रॉबर्ट फ्लेमिंग 1949 मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करायला त्या भागात गेले. पुढच्या फेरीत बरोबर डॉक्टर होते, त्यांच्याकडे रोग्यांची रीघ लागली, आणि त्यातून दवाखान्याची मागणी पुढे आली. त्यासाठी वेगवेगळ्या मिशनांनी मिळून युनायटेड मिशन टु नेपाळ ही संस्था काढली ती कुठे, तर नागपुरात, मार्च 1954 मध्ये. सरकारशी करार करताना धर्मांतराचं काम करायचं नाही ही अट त्यांनी मान्य केली, आणि तानसेनचं हॉस्पिटल आजही चालू आहे. डॉक्टर, नर्स, इंजिनियर तिथे वर्षानुवर्षं राहिले. आपल्याकडेही तसंच झालं. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार बाई 1827 ला मुंबईत उतरल्या, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. त्याला मिशन म्हणतात. आपण दहा दिवस जातो त्याला मी 'भेट' म्हणतो, आणि भेट म्हणून ती चांगलीच असते. नाव मोठं दिलं की पोरांच्या अपेक्षा मोठ्या होतात आणि यजमानांच्या डोक्याला ताप होतो.

आता पाहुण्यांच्या खर्चाबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही. नगर भागातल्या कुठल्याही जुन्या मंडळीतल्या बायकांना विचारा, परदेशी टीम येणार म्हटल्यावर घरात काय होतं. पाळकांच्या घरातले सगळे गच्चीवर झोपायला जातात. कॅम्पातून ब्रेड, जॅम, कॉर्नफ्लेक्स येतं. पाणी उकळायला एक सिलिंडर वेगळा. टीम आठवडाभर वसतिगृहाच्या भिंती रंगवते, शेजारी बेकार बसलेला रंगारी ते बघत उभा राहतो, आणि टीम गेल्यावर आमची पोरं खिडक्यांच्या काचांवरचा रंग ब्लेडने खरवडत बसतात. कोणी तक्रार करत नाही, कारण पाहुणे मनाने चांगले असतात आणि निरोपाच्या सभेत खरंच रडतात. आता तुम्ही तेच पाहुणे होणार आहात, आणि तिकडची पाळकीणबाईही तक्रार करणार नाही. ती पहाटे चारला उठून बारा जणांचा भात लावेल आणि तुम्हाला विचारेल, झोप नीट लागली ना?

म्हणून शाळेचं रंगकाम रद्द करा असं माझं स्पष्ट मत आहे. बारा जणांच्या येण्याजाण्याच्या खर्चात बुटवलचा रंगारी लावून ती शाळा रंगवून होईल आणि वर त्याच्या घरी सणाचे पैसे जातील.

तारखांचं बघा. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, आणि त्याच्या थोडंच आधी दसैं. दसैंला घरातल्या थोरांच्या हातून कपाळावर टीका (टिळा) घ्यायची, तिहारला बहिणीने भावाला लावायची. ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसं टीका घेत नाहीत, आणि तेवढ्यावरून आईबाप वर्षभर बोलत नाहीत अशी घरं मी बघितली आहेत. त्या दिवसांत तिथला विश्वासणारा आपल्याच घरात परका झालेला असतो. काहींना म्हातारीला भेटायला गावी जायचं असतं, काहींना जावंसं वाटूनही जाता येत नाही. नेमक्या त्या आठवड्यात गिटार घेऊन बारा पाहुणे दारात उभे राहिले तर त्यांनी काय करायचं? शिवाय बस भरलेल्या, शाळा बंद, निम्मी माणसं गावाला. तिहार उरकल्यावर जा. पाऊसही तोवर थांबलेला असतो. बुटवलच्या वर सिद्धबाबाजवळ दरडी कोसळतात, पावसाळ्यात तो रस्ता नकोच.

बालगृहाची भेट पूर्ण रद्द करा. नेपाळात 'अनाथाश्रम' म्हणून चालणाऱ्या जागांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कोणीतरी हयात असतं. शिक्षणाच्या आशेने डोंगरातून मुलं आणली जातात. या संस्था गोळा झाल्यात त्याही पर्यटक येतात अशा मोजक्या जिल्ह्यांत, आणि पाहुणे आले की देणगी येते म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. तुमची ती संस्था चांगली असेलही. तरी दर महिन्याला नवे ताई-दादा येणार, मांडीवर घेणार, फोटो काढणार आणि जाणार, यात त्या लेकरांचं काही भलं नाही. आपल्या मुलांना असं कोणाच्या हाती दिलं असतं का आपण?

व्हीबीएसचं जरा नाजूक आहे. मंडळीतल्याच मुलांसाठी, मंडळीच्याच शिक्षकांनी घेतलं आणि तुम्ही हाताखाली राहिलात तर हरकत नसावी, पण तेही पाळक 'या' म्हणाले तरच. गल्लीतली मुलं गोळा करायची नाहीत, वह्या-पेन-चॉकलेटं वाटायची नाहीत. आपल्या दृष्टीने खाऊ, तक्रार करणाऱ्याच्या दृष्टीने आमिष. तुमच्यातल्या दोघीतिघी संडे स्कूलच्या मुरलेल्या शिक्षिका असतील तर त्यांनी तिथल्या शिक्षिकांबरोबर दोन दुपारी बसावं, गोष्ट कशी सांगायची, चित्रं कशी करायची हे दाखवावं आणि त्यांच्याकडूनही शिकून घ्यावं. हे काम मागे टिकतं.

उपासना शनिवारी असते, रविवारी नाही. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळी शनिवारी जमते. 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारीच दुपारी बाराच्या सुमारास झाला, तेव्हा कितीतरी ठिकाणी उपासना चालू होती आणि माणसं देवळातच गाडली गेली. कोणाच्या घरी त्या दिवसाचा विषय निघाला तर मधे बोलू नका, नुसतं ऐका. एरवी उपासनेत आपल्याला चुकल्यासारखं होत नाही: चपला दाराबाहेर, खाली बसायचं, बऱ्याच ठिकाणी बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे, मादलच्या (नेपाळी ढोलकीच्या) तालावर गाणी. 'जय मसीह' म्हणून दोन्ही हात जोडायचे. भजनाचं पुस्तक देवनागरीत, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून तुमची पोरं सूर धरतील. गिटार घरीच ठेवा. तिथे वाजवणारे आहेत.

साक्ष द्यायला सांगितली तर पाच मिनिटं, साधी, आपल्या घरची. आपण नगरचे, आपले पणजोबा-खापरपणजोबा कसे विश्वासात आले, त्यांना गावाने विहिरीवर कसं येऊ दिलं नाही, हे सांगा. ते लोकांना लगेच कळतं, कारण तिथे ती आजची गोष्ट आहे. नारायण वामन टिळकांबद्दलही सांगता येईल: 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, वर्षानुवर्षं अमेरिकन मिशनमध्ये काम केलं आणि 1917 मध्ये त्यातून बाहेर पडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, कारण ख्रिस्त इथल्या मातीतला वाटला पाहिजे हा त्यांचा ध्यास होता. मी हे एकदा बुटवलला सांगितलं तर तिथल्या पोरांनी उपासनेनंतर रात्री उशिरापर्यंत बसवून ठेवलं. परदेशी पैसा आणि परदेशी सल्ला यांचं ओझं त्यांनाही जाणवतं, फक्त पाहुण्यांपुढे ते बोलत नाहीत.

फोटोंचा नियम कडक करा. उपासनेचे, बाप्तिस्म्याचे, मुलांचे फोटो नाहीतच. पाळकांचं नाव आणि गावाचं नाव एकत्र कुठेही टाकायचं नाही, मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही. तिथून ते कुठे जाईल सांगता येत नाही. परत आल्यावर अहवाल द्यावा लागेल, त्यात 'इतके आत्मे जिंकले' हा रकाना असेल तर तो खोडून द्या. वडीलमंडळी कुरकुर करतील, करू देत.

पैसे कोणाच्या हातात सुटे देऊ नका. एखादी बाई खरंच अडचणीत असते, तुम्ही खिशातून पाच हजार काढून देता, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळीत तिच्याकडे बघायची नजर बदलते. काय द्यायचं ते शेवटच्या दिवशी पाळक आणि खजिनदार दोघांसमोर, पावती घेऊन. राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र पहिल्याच दिवशी द्या. ते नको म्हणतील, तरी द्या. हिशोब सोपा आहे, आपला रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. आणि मंडळीच्या ट्रस्टमधून पैसे काढणार असाल तर आधी सीएला गाठा. धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर खर्च केला की त्या रकमेवर आयकराची सूट सहसा मिळत नाही. वैयक्तिक वर्गणी काढलेली बरी.

जेवण सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा दाल-भात-तरकारी. चहा-नाश्त्याची सवय असलेल्यांनी चिवडा बरोबर ठेवा, पण पंगतीत बसून स्वतःचं लोणचं काढू नका. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू सत्तर जणांना पाठवताना सांगतो की ज्या घरी उतराल तिथेच राहा, देतील ते खा, घरं बदलत फिरू नका. टीमच्या तयारीत हा अध्याय घ्या. गाय कापायला तिथे बंदी आहे. ताटात दिसेल ते म्हशीचं.

जायचा रस्ता: रेल्वेने गोरखपूर, तिथून सोनौली, पलीकडे भैरहवा, बुटवल आणि मग घाट चढून तानसेन. सरहद्दीवर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र प्रत्येकाजवळ असू द्या. विमानाने गेलात तर या दोन्हींपैकी एक लागतंच. तरुण मंडळींचं आधार तिथे चालत नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. तारखा विक्रम संवतात बोलल्या जातात, म्हणून भेटीची वेळ ठरवताना वार विचारून घ्या.

आणि तिकिटं अजून काढली नसतील तर थांबा. तिथल्या पाळकांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: कधी आलं तर सोयीचं आणि किती जण झेपतील. आपला बेत आधी सांगू नका, नाहीतर ते भिडेखातर हो म्हणतील. त्यांनी चार म्हटलं तर चारच जा; उरलेल्या आठ जणांना पुढच्या वर्षी पाठवा, किंवा त्यांच्या भाड्यात तिकडच्या दोघा-तिघांना महिनाभर नगरला बोलवा. राहायची सोय मी बघतो.